पेजवर लोक येतात, बघतात, पण बोलत नाहीत. काय करावं?

कागदवेडी (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते.

मी पुस्तकबांधणीचं काम करते. मोडकळीला आलेली जुनी पुस्तकं नव्याने बांधून देते आणि मागणीप्रमाणे हाताने शिवलेल्या वह्या करते. एकटीच करते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे पेज आहे, त्याला आता तीन वर्षं झाली. दोन्हीकडचे मिळून फॉलोअर साधारण अकराशे. पोस्ट म्हणजे बहुतेक वेळा तयार वहीचा फोटो, खाली माप, कागदाचा प्रकार आणि ‘ऑर्डरसाठी मेसेज करा’. दहा-पंधरा लाइक येतात, त्यातले निम्मे घरचे आणि मैत्रिणींचे. कॉमेंट जवळपास नाहीतच.

काय काय करून पाहिलं ते आधीच सांगते. महिनाभर रोज पोस्ट टाकली. शेवटी शेवटी काम बाजूला ठेवून पोस्टसाठीच फोटो काढत होते. तीस-तीस हॅशटॅग लावले. गेल्या वर्षी एकाच्या सांगण्यावरून स्पर्धा घेतली: पेज फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, एक वही भेट. त्या आठवड्यात दोनशेच्या वर फॉलोअर वाढले. खूप आनंद झाला होता. पण ती माणसं नंतर कधी दिसलीच नाहीत, आणि तेव्हापासून माझ्या पोस्ट आधीपेक्षाही कमी लोकांपर्यंत जातात असं वाटतं.

दुसरीकडे, पुस्तक घेऊन समोर आलेला माणूस अर्धा-अर्धा तास बोलतो. हे पुस्तक कुणाचं होतं, कितव्या वर्षी वाचलं, समासात कुणी काय लिहून ठेवलंय. तीच माणसं पेजवर मात्र गप्प. विक्री हळूहळू वाढेल, तिची मला घाई नाही. हे बोलणं पेजवर सुरू व्हावं असं मनापासून वाटतं. ते कसं करायचं?

---

आकडेमोड

चांगला विषय. छोट्या व्यवसायांची पेजेस सांभाळणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘प्रतिसाद’ म्हणजे काय ते वेगळं करू. लाइक, कॉमेंट, सेव्ह, शेअर, मेसेज, व्हिडिओ किती वेळ बघितला, हे सगळं आपण एकाच पोत्यात भरतो. पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि वजनही वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सर्वांत महत्त्वाचे तीन संकेत सांगितले होते: लोक किती वेळ बघतात, पोस्ट ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्यांतले किती जण लाइक करतात, आणि किती जण ती दुसऱ्या कुणाला पाठवतात. फॉलोअरपर्यंत पोहोचताना लाइकला थोडं जास्त महत्त्व, अनोळखी लोकांपर्यंत पोहोचताना पाठवण्याला. म्हणजे ‘हे बघ, तुझ्या आवडीचं आहे’ म्हणून कुणी तुमची पोस्ट मैत्रिणीला पाठवली, तर नवीन माणसं तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता वाढते. हॅशटॅगने ते होत नाही. पोस्ट कशाबद्दल आहे हे कळायला त्याची थोडी मदत होते, इतकंच. तीनचार नेमके लावा आणि सोडून द्या.

आता स्पर्धेबद्दल. ती तुम्हाला नडली असं मलाही वाटतं. ती दोनशे माणसं बांधणीच्या ओढीने आली नव्हती, भेटीसाठी आली होती. पुढे तुमच्या पोस्ट त्यांच्यासमोर गेल्या, ती न थांबता पुढे सरकली, आणि यंत्रणेने त्याचा अर्थ ‘ही पोस्ट लोकांना नकोय’ असा घेतला. शिवाय फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की लाइक, टॅग, शेअर, मत किंवा कॉमेंट मागून घेणाऱ्या पोस्ट खाली ढकलल्या जातील, आणि हे वारंवार करणाऱ्या पेजला जास्त फटका बसेल. ‘मित्रांना टॅग करा आणि भाग घ्या’ ही अट तर फेसबुकच्या पेजसाठीच्या नियमांतच बसत नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, मार्क झुकरबर्गने सांगितलं की न्यूज फीडमध्ये मित्र आणि कुटुंबाच्या पोस्टना आधी जागा मिळेल, पेजेसच्या कमी दिसतील. तेव्हापासून नुसत्या जाहिरातवजा पोस्टला फुकटात फार लोक मिळत नाहीत. हा सगळ्यांचाच अनुभव आहे, एकट्या तुमचा नाही.

एक काम करा. शेवटच्या बारा पोस्ट घ्या. प्रत्येकीचा रीच (ती किती जणांना दिसली), लाइक, कॉमेंट, सेव्ह आणि शेअर कागदावर मांडा. भागाकार फॉलोअरच्या संख्येने करू नका, त्या पोस्टच्या रीचने करा. अकराशेपैकी पंधरा लाइक हा आकडा खचवतो. पण पोस्ट नव्वद जणांनाच दिसली असेल तर चित्र एकदम बदलतं. ते आकडे इथे टाका, मग बोलू.

---

रोपवाटिका

कागदवेडी, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. उत्तर त्यातच आहे!

मी रोपं विकते. दोन वर्षं मीही तेच केलं: टवटवीत रोप, कुंडी, नाव, ‘उपलब्ध’. सगळे बघून पुढे जायचे. मग एकदा माझंच एक रोप मरायला टेकलं होतं, त्याचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘याची पानं टोकाकडून तपकिरी होतायत. मला दोन कारणं वाटतात. तुम्हाला काय वाटतं?’ त्या एका पोस्टवर आधीच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त कॉमेंट आल्या. कारण सरळ आहे. टवटवीत रोपाबद्दल बोलायला कुणाकडे काहीच नसतं. आजारी रोपाबद्दल प्रत्येकाकडे काहीतरी असतं.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा लोकांच्या आजारी रोपांचे फोटो मागवते आणि उत्तर उघड्यावर देते, इनबॉक्समध्ये नाही. एकाच्या प्रश्नाचं उत्तर पन्नास जण वाचतात.

आणखी एक शिकले. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही. ‘या दोन कुंड्यांतली माती आधी कुठली वाळेल?’ याला देतात. पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर स्तुती करावी लागते, दुसऱ्याला नुसता अंदाज बांधायचा असतो. प्रश्न असा हवा की चुकलं तरी कुणाला ओशाळं वाटू नये. आणि विचारलंत तर पुढे खरं उत्तर सांगायला या. मी एकदा विसरले होते, तेव्हा लोकांनी हक्काने आठवण करून दिली.

---

जुनी_घड्याळं

वरच्या दोघांशी सहमत, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. वेळ. एकट्याने काम करणाऱ्याचा दिवस कामातच संपतो. तुम्ही महिनाभर रोज पोस्ट टाकलीत हे वाचून मला त्रास झाला, कारण मीही त्यातून गेलोय. काम मागे पडतं, गिऱ्हाईक वाट बघतं आणि पोस्टही धड होत नाही.

मी घड्याळं दुरुस्त करतो. आता पोस्टसाठी वेगळं काही करत नाही. मोबाइल स्टँडला लावतो, वरून टेबल दिसेल असा, आणि काम सुरू करायच्या आधी रेकॉर्डिंग चालू करतो. संध्याकाळी त्यातले वीस-पंचवीस सेकंद कापून घेतो. झाकण उघडण्याचा क्षण, अडकलेलं चाक, पहिला ठोका. बस.

सुरुवात कुठून करायची याला फार महत्त्व आहे. मी आधी नमस्कार, पेजचं नाव, मग घड्याळ असं करायचो. तोवर माणूस गेलेला असतो. आता पहिल्याच सेकंदाला बिघाड दिसतो. ‘हे अकरा वर्षं बंद होतं’ एवढं पडद्यावर लिहितो. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे जे सांगायचं ते अक्षरांत हवंच. आवाज लावून बघणाऱ्यांसाठी मी गाणं टाकत नाही, घड्याळाचाच आवाज ठेवतो. तसंही बिझनेस अकाउंटला सगळी गाणी वापरता येत नाहीत. तुमच्याकडे तर कागद दुमडण्याचा, दोरा ओढण्याचा, पुठ्ठ्यावर हात फिरवण्याचा आवाज असेल. तो सोडू नका.

दुसऱ्या ॲपवर केलेला व्हिडिओ त्याच्या शिक्क्यासकट इथे टाकायचा नाही, इन्स्टाग्राम तो नव्या लोकांना सुचवत नाही. मूळ क्लिप जपून ठेवा आणि दोन्हीकडे वेगळी चढवा.

आठवड्याला दोन पोस्ट. जमत असतील तर तीन. पण सहा महिन्यांनीही जमतील इतक्याच.

---

कागदवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी बसून बारा पोस्टचे आकडे मांडले. माझाच माझ्यावर विश्वास बसत नाहीये.

बारातल्या दहा पोस्ट तयार वह्यांच्या. रीच ऐंशी ते एकशे तीसच्या मध्ये. सेव्ह शून्य किंवा एक. शेअर एकूण दोन.

अकरावी पोस्ट एका शब्दकोशाची. कणा पूर्ण सुटलेला, शिलाईचे दोरे लोंबतायत, वाळवीने समास खाल्लेला. बांधणीला घेण्याआधी नोंद म्हणून फोटो काढला होता, त्या दिवशी दुसरं काही नव्हतं म्हणून टाकला. रीच चारशे सत्तर. सेव्ह नऊ, शेअर चौदा, कॉमेंट तीन. त्या कॉमेंटना मी उत्तरसुद्धा दिलेलं नाही. फोटो चांगला दिसत नाही म्हणून तो पेजवरून काढून टाकायचा विचार होता.

बारावी वहीचीच, पण उघडून शिलाई दाखवलेली. तीही बाकीच्यांपेक्षा बरी.

तीन वर्षं मी लोकांना फक्त कामाचा शेवट दाखवत आले. अधलंमधलं सगळं टेबलावरच राहिलं.

---

आकडेमोड

बघा! चौदा शेअर भागिले चारशे सत्तर, म्हणजे दर शंभर माणसांमागे तिघांनी ती पोस्ट कुणाला तरी पाठवली. छोट्या पेजसाठी हे फार चांगलं आहे. ती पाठवताना त्यांनी काय म्हटलं असेल याचा विचार करा. ‘आपल्या घरातल्या त्या पुस्तकाचं असंच झालंय ना?’ पोस्ट लिहिताना हे वाक्य समोर ठेवा: ही बघून कुणाला कुणाची आठवण येईल?

छोट्या पेजसाठी अलीकडे एक गोष्ट चांगली झालीय. एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की सुचवलेल्या पोस्टमध्ये लहान खात्यांनाही सारखी संधी मिळावी म्हणून पद्धत बदलतायत. पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवायची, त्यांना आवडली तर आणखी थोड्यांना, असं पायरीपायरीने. आणि ते लोक तुमचे फॉलोअर असलेच पाहिजेत असं नाही. दुसऱ्याचं उचलून टाकणाऱ्यांना मागे सारायचं आणि मूळ करणाऱ्याला पुढे आणायचं, हेही त्यातच होतं. तुमच्या टेबलावरचं पुस्तक दुसऱ्या कुणाकडे नाही. म्हणून तयार सुविचारांची आणि शुभेच्छांची चित्रं टाकणं आजपासून बंद करा.

आणि त्या तीन कॉमेंटना आज उत्तर द्या. उशीर झाला असला तरी द्या.

---

मूकवाचक

मी इथे सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण हा धागा आमच्यासारख्यांबद्दलच आहे, म्हणून दुसरी बाजू सांगावीशी वाटली.

मी अशी आठ-दहा छोटी पेजेस फॉलो करते. त्यांच्या पोस्ट आवडतात, काही सेव्ह करते, दोनतीन ठिकाणांहून खरेदीही केली आहे. कॉमेंट मात्र एकदाही केलेली नाही. कारण आवड नसणं हे नाही. कॉमेंट सगळ्यांना दिसते. ओळखीचे लोक वाचतात. ‘छान’ लिहावं तर पोकळ वाटतं, आणि जास्त लिहावं तर आपण कोण, असं वाटतं.

वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांचा २००६ मधला एक लेख आहे. ऑनलाइन समूहांत ढोबळमानाने नव्वद टक्के लोक फक्त वाचतात, नऊ टक्के अधूनमधून बोलतात आणि बहुतेक लिखाण उरलेल्या एका टक्क्याचं असतं, असं त्यांनी मांडलं होतं. तो वाचल्यावर मला आपल्यात काही कमी आहे असं वाटणं थांबलं. पेज चालवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. गप्प माणूस निघून गेलेला असतो असं नाही.

आम्हाला बोलतं करायचं असेल तर पायऱ्या लहान ठेवा. स्टोरीमधल्या दोन पर्यायांपैकी एकावर बोट ठेवणं मला जमतं, कारण ते चारचौघांत होत नाही. त्यानंतर कधीतरी मी स्टोरीला उत्तर देते, ते फक्त पेज चालवणाऱ्याला दिसतं. तिथे नीट, माणसासारखं उत्तर आलं, तर मग एखाद्या दिवशी कॉमेंटही करेन. एकदम ‘कॉमेंटमध्ये तुमचा अनुभव लिहा’ म्हटलं की मी पुढे सरकते.

आणि एक तक्रार, सगळ्याच पेजेसबद्दल. कुणी दर विचारला की ‘इनबॉक्स केलंय’ असं उत्तर येतं. तिथे आमचा विश्वास उडतो. उघड विचारलेल्या साध्या प्रश्नाला उघड उत्तर द्या. प्रत्येक काम वेगळं असेल तर दर कशावर अवलंबून आहे तेवढं तरी सांगा.

---

रोपवाटिका

मूकवाचक, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. दराबद्दलचं मलाही लागू होतं, आजच बदलते.

---

तिसरा_डोळा

फोटोंबद्दल थोडक्यात. खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या उजेडात काढा. कागदाचा पोत आणि दोऱ्याची जाडी तेव्हाच दिसते. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं. हात फोटोत येऊ द्या. नुसतं पुस्तक केवढं आहे ते कळत नाही, हात आला की कळतं.

इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये आता वीस फोटो टाकता येतात, ऑगस्ट २०२४ पर्यंत दहाच चालायचे. वीस टाकाच असं नाही, पण बांधणीचे टप्पे सहा-सात फोटोंत सुरेख मांडता येतील. पहिला फोटो मोडलेल्या पुस्तकाचा, शेवटचा तयार. आणि फोटोवर लिहिलेली अक्षरं मोबाइलवर, हात लांब धरून वाचून बघा.

---

नवा_गडी

पोस्ट बूस्ट करण्याबद्दल, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवण्याबद्दल, काय मत आहे? मी कपडे शिवून देतो. दोनदा बूस्ट केलं, लाइक ढिगाने आले, चौकशी एकही नाही.

---

आकडेमोड

कारण तुम्ही लाइकच मागितले असणार. बूस्ट करताना उद्देश विचारतात. तिथे प्रतिसाद निवडला की यंत्रणा अशी माणसं शोधते जी सहज लाइक देतात. सहज लाइक देणारा माणूस कपडे शिवून घेणारा असेलच असं नाही. चौकशी हवी असेल तर मेसेजचा पर्याय निवडा. आणि जी पोस्ट पैसे न घालता चालली नाही, तिच्यामागे पैसे लावू नका. आधी आपोआप चाललेली पोस्ट घ्या, मग तिला पुढे ढकला.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: मोजमाप हेच ध्येय झालं की ते मोजमाप कामाचं राहत नाही. त्यांनी ते १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल मांडलं होतं, पण पेज चालवणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं. लाइक मोजायला लागलात की लाइक मिळतात. फॉलोअर विकत देणारे याच दुबळेपणावर जगतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने सांगितलं होतं की बाहेरच्या ॲपमधून आलेले खोटे लाइक, फॉलो आणि कॉमेंट ते काढून टाकणार. पण ते राहिले तरी उपयोग काय? खोटा फॉलोअर पुस्तक बांधायला आणत नाही.

मी माझ्या लोकांना दर आठवड्याला एकच गोष्ट लिहून ठेवायला सांगतो: या आठवड्यात किती माणसांशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलणं झालं?

---

कागदवेडी

हे मी भिंतीवर चिकटवलं.

एक भीती आहे, तीही विचारते. कामाच्या आतलं दाखवायचं, उघड प्रश्न घ्यायचे, तर उघड तक्रारही येणार. दीड वर्षापूर्वी एकाने लिहिलं होतं की वहीची पानं महिन्याभरात सुटली. मी घाबरून कॉमेंट पुसली आणि त्याला मेसेज केला. त्याने उत्तर दिलं नाही. ते अजून खुपतं.

---

जुनी_घड्याळं

पुसायची नाही. शिवीगाळ असेल तर पुसा. तक्रार पुसलीत तर तो माणूस दुसरीकडे जाऊन लिहितो, आणि तिथे तुमची बाजू मांडायला तुम्ही नसता.

माझ्याकडून एकदा एका घड्याळाच्या काचेला चरा पडला. त्या बाईंनी पेजवर फोटो टाकला. मी खाली लिहिलं, ‘हा चरा माझ्या टेबलावर पडलेला असू शकतो. घड्याळ परत पाठवा, काच बदलून देतो, येण्याजाण्याचा खर्च माझा.’ बाकीचं बोलणं मेसेजमध्ये झालं. काच बदलल्यावर मी त्याच कॉमेंटखाली परत जाऊन लिहिलं की काम झालं. हे शेवटचं पाऊल बहुतेक जण विसरतात. वाचणाऱ्याला भांडण दिसतं, मिटलेलं दिसत नाही. पुढे दोन गिऱ्हाइकांनी मला सांगितलं की ते ती कॉमेंट वाचून आले.

तुमच्या त्या माणसाला परत एकदा लिहा. शिलाई पुन्हा करून देते म्हणा. दीड वर्ष झालं तरी.

---

रोपवाटिका

अजून एक. तुमचं काम माझ्यापेक्षा नाजूक आहे. जुन्या पुस्तकात नावं असतात, अर्पणाच्या ओळी असतात, कधी मध्ये ठेवलेलं पत्र असतं. ते सगळं लोकांना वाचायला आवडेल, पण ते तुमचं नाही. पुस्तक घेतानाच विचारून ठेवा: काम चालू असताना फोटो टाकले तर चालतील का, आणि आतलं हस्ताक्षर दाखवलं तर चालेल का? दोन वेगळे प्रश्न. पहिल्याला हो म्हणणारा दुसऱ्याला नाही म्हणू शकतो.

---

कागदवेडी

(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढते आहे. सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

त्या माणसाला पुन्हा मेसेज केला. तीन दिवसांनी वही आली. जुजबंदी करताना, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे (जुज) एकमेकांना शिवताना, शेवटच्या दोन जुजांची गाठ मी नीट मारली नव्हती, चूक माझीच. नवी शिलाई करून पाठवली आणि त्यांच्या परवानगीने ती शिवतानाचा व्हिडिओ टाकला, गाठ कुठे चुकली होती ते दाखवून. हे टाकताना हात थरथरत होते. खाली एका बांधणी करणाऱ्याने लिहिलं की त्याच्याकडूनही हेच व्हायचं, आणि गाठ मारायची दुसरी पद्धत समजावून सांगितली. आता मी तीच वापरते.

पुस्तक घेताना रोपवाटिकांनी सांगितलेले दोन प्रश्न विचारते. आतापर्यंत सात जणांना विचारलं. सहा जण फोटोला हो म्हणाले, हस्ताक्षर दाखवायला तिघं. एका आजोबांनी सांगितलं, ‘अर्पण दाखवू नका, पण पुस्तक जिचं होतं तिने समासात केलेल्या खुणा दाखवा. ती फार बारकाईने वाचायची.’ त्या खुणांचीच पोस्ट केली, नाव न देता. प्रश्न विचारला: बांधताना समास कापून सरळ करावे लागतात, त्यात यातल्या काही खुणा जातील. कापू, की कडा वेड्यावाकड्या राहू देऊ? आजोबा म्हणाले होते, लोक काय म्हणतात ते बघू, मग ठरवू.

एकतीस कॉमेंट. तीन वर्षांत सगळ्या मिळून तेवढ्या झाल्या नव्हत्या. कापा म्हणणारे सहा, बाकी सगळे राहू द्या. एकीने लिहिलं की तिच्या आईच्या पुस्तकातल्या खुणा बांधणीत गेल्या, आणि तेव्हा तिला कुणी विचारलंही नव्हतं. त्यावर मी बराच वेळ काहीच लिहू शकले नाही. मग तिला तेवढंच सांगितलं की तुमची कॉमेंट वाचून मी एक नियम केला आहे, विचारल्याशिवाय समास कापणार नाही. पुस्तकाच्या कडा आता वेड्यावाकड्याच आहेत आणि आजोबा खूश आहेत.

खळीवरून, म्हणजे बांधणीत चिकटवायला वापरतात त्या पिठाच्या चिकीवरून, तर वादच झाला. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात असं एका जुन्या बांधणीकाराने लिहिलं, दुसऱ्याने मोरचुदाने कागद कालांतराने खराब होतो म्हणून विरोध केला, आणि दोघं दोन दिवस बोलत होते. मी मधे फक्त प्रश्न विचारत राहिले. माझ्या पेजवर माझ्याशिवाय दोन माणसं एकमेकांशी बोलतायत हे बघून जे वाटलं ते नीट सांगता येत नाही.

तयार वह्यांचे फोटो बंद केले नाहीत, पण आता त्यांच्या आधी कागद निवडताना, दुमडताना, शिवतानाचं काहीतरी येऊन गेलेलं असतं. त्यामुळे शेवटच्या फोटोलाही लोक थांबतात. जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं की वर्षभर वापरून भरलेल्या वहीचा फोटो पाठवाल का, आतलं न दाखवता, फक्त बाहेरून. चौघांनी पाठवले. कोपरे झिजलेले, एकावर शाई सांडलेली. नव्या वहीच्या कुठल्याही फोटोपेक्षा ते देखणे आहेत.

फॉलोअर? एकोणतीस वाढले. स्पर्धेतल्या दोनशेंपैकी पुष्कळ कमी झाले. आकडेमोड यांनी सांगितलेली नोंद वहीत ठेवते: पहिल्या आठवड्यात दोन माणसं, गेल्या आठवड्यात अकरा.

फक्त एक अडचण. उत्तरं द्यायला आता रोज पाऊण तास जातो. तो कुठून काढायचा?

---

जुनी_घड्याळं

दिवसातून दोन ठरलेल्या वेळा. मी सकाळी काम सुरू करण्याआधी आणि संध्याकाळी आवरताना बघतो. मधे मोबाइल फक्त रेकॉर्डिंगला. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा, पण चिकटवताना पहिलं वाक्य त्या माणसासाठी नव्याने लिहा. आणि जी तीच उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, त्यांची एक पोस्ट करून वर पिन करा.

---

मूकवाचक

समासाच्या पोस्टवर ‘राहू द्या’ लिहिणाऱ्यांत मी होते. माझी पहिली कॉमेंट.

माझ्याकडेही कणा सुटलेलं एक जुनं पुस्तक आहे. त्याला पुन्हा शिवावं लागेल की नुसता कणा बसवून चालेल, हे इथे विचारू की पेजवर?

---

कागदवेडी

पेजवर विचारा! कण्याचा समोरून एक फोटो, आणि पुस्तक मधोमध उघडून दोरा दिसेल असा एक. दोरा शाबूत असेल तर नुसत्या कण्यावर भागतं. आणि आतलं नाव झाका.